मुलीच्या हातचा पंखा

"बाई, मुलीनं दुरुस्त केलेला पंखा उलटा फिरतो का?"

हा प्रश्न कुजबूजनं विचारला तेव्हा सोमवारची सकाळ होती, सभागृहात सहाशे मुलंमुली रांगेत उभी होती आणि मुख्याध्यापिका बाई भाषण संपवून पाठ फिरवत होत्या. दर सोमवारी भाषणाच्या शेवटी त्या "कुणाला काही शंका?" असं विचारतात. पण ते विचारणं म्हणजे पाहुण्यांनी चपला घातल्यावर "अहो, जेवून गेला असतात" म्हणण्यापैकी असतं. पाहुणे खरोखरच चपला काढून "बरं, वाढा" म्हणाले तर घरच्यांची जी अवस्था होईल, तीच त्या सकाळी बाईंची झाली.

"काय फिरतं?" त्यांनी विचारलं.

"पंखा, बाई. उलटा."

कुजबूजच्या मागे उभ्या असलेल्या दोघी एकदम जमिनीकडे बघायला लागल्या. पैज त्यांचीच होती. एक पुरवणी. प्रत्येक परीक्षेत पहिल्या अर्ध्या तासातच उठून जादा कागद मागते ती. दुसरी जिराफ. ती बाकावर बसली की मागच्या तिघींना फळा दिसत नाही. "सगळ्यांसमोर विचारलंस तर मानलं तुला," असं दोघी आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या, आणि ज्या मुलीला चौदा वर्षं कुणी कशासाठीही मानलेलं नाही, तिला एवढं पुरे होतं.

कुजबूज हे नाव तिला का पडलं ते सांगायला हवं. गेल्या वर्षापर्यंत तिचा आवाज इतका बारीक होता, की हजेरीत तिनं "हजर" म्हटलेलं पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नसे. वर्षाअखेरी तिच्या प्रगतिपुस्तकात बेचाळीस गैरहजेऱ्या निघाल्या आणि त्या बेचाळीसही दिवशी ती वर्गात बसलेली होती. यंदा मात्र आवाज एकदम फुटला. आता ती हजर म्हणाली की शेजारच्या वर्गातली दोन मुलं दचकून उभी राहतात. नाव तेवढं तेच राहिलं, दुकान बदललं तरी पाटी जुनीच राहावी तसं.

आता प्रश्न कुठून आला ते. शाळेत दर गुरुवारी शेवटचे दोन तास कार्यानुभवाचे. मुलांना वीजकाम, मुलींना शिवणकाम. कुजबूज सहावीत असताना तिनं एक उशीचा अभ्रा शिवायला घेतला होता. ती नववीत आली, अभ्रा अजून सहावीतच होता. तिला वीजकामाला जायचं होतं. लहानपणी तिनं घरातली बंद पडलेली विजेरी उघडून, आतली पट्टी वाकवून परत लावली होती आणि ती लागली होती. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिचं ऐकलं होतं, तेही ती काही न बोलता. तो उजेड तिच्या डोक्यातून गेलाच नाही.

म्हणून तिनं वीजकामाच्या सरांना विचारलं होतं, "सर, मी येऊ का?" सर हसले. "अगं, मुलींनी हात लावला की पंखे उलटे फिरतात!" वर्गातली सगळी मुलंही हसली. त्या मुलांनी तीन वर्षांत एकही वायर सोललेली नव्हती. तीन वर्षं ती स्विचबोर्डाचं चित्र रंगवत होती. पण हसायला काही अनुभव लागत नाही.

असो. बाई अजून माइकसमोरच उभ्या होत्या.

"हा प्रश्न शैक्षणिक आहे का?"

"प्रात्यक्षिक आहे, बाई."

बाईंचा जुना सिद्धांत असा, की कुठलीही भानगड कागदावर आणली की निम्मी होते आणि फायलीत घातली की संपते. त्या म्हणाल्या, "अर्ज कर."

कुजबूज मधल्या सुट्टीतच कार्यालयात जाऊन धडकली. तिथं क्लार्ककाका बसतात. टेबलावर कागदांचे सात डोंगर, प्रत्येकावर एक दगड आणि छताला एक पंखा. तो लावला तर दगडांसकट डोंगर हलतात म्हणून काकांनी तीस वर्षं तो लावलेला नाही. बारा महिने ते घामाघूम असतात. त्यांनी रुमालानं मान पुसली, नियमांचं पुस्तक काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"वीजकामाला पूर्वानुभव आवश्यक. तुझा आहे?"

"मुलांना विचारता का पूर्वानुभव?"

"मुलांचा असतोच."

"कुठून?"

"असतो, बाळ. उपजत."

"काका, आमच्या वर्गातला एक जण अजून बुटाची नाडी आईकडून बांधून घेतो."

"नाडी वेगळी, वीज वेगळी," काका म्हणाले. ते अशा काही अधिकारानं म्हणाले, की क्षणभर कुजबूजलाही ते पटलं.

थोडक्यात काय, तर तिनं तीन पंखे दुरुस्त करायचे, तीन मालकांच्या सहीचे तीन दाखले आणायचे, आणि तेही पुढच्या शुक्रवारी पाचच्या आत. त्यानंतर वर्गाच्या याद्या वरच्या कार्यालयात जाणार आणि मग दहावी संपेपर्यंत ती आणि तिचा अभ्रा.

पहिला पंखा घरचाच धरायचा ठरला. बाहेरच्या खोलीतला पंखा वर्षभर असा काही फिरत होता, की त्याची पाती मोजता येत. पण तिथं अडचण एकच होती. बाबा.

बाबा नकाशांच्या कार्यालयात नद्या रंगवतात. विजेला ते इतके घाबरतात, की घरातली सगळी बटणं लाकडी फूटपट्टीनं दाबतात. पण ते पुरुष असल्यामुळे इमारतीत कुठं काही बंद पडलं की लोक त्यांनाच हाक मारतात. बाबा जातात, दहा फुटांवरून वर बघतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "हं. कंडेन्सर असणार." या एका वाक्यावर त्यांनी चौदा वर्षं काढली आहेत. पंखे, लिफ्ट, पाण्याचा पंप आणि एकदा तर समोरच्या काकांचा गुडघा, सगळ्यांना कंडेन्सर झालेला आहे.

पण या वेळी खरोखरच कंडेन्सर होता. घड्याळसुद्धा बंद पडल्यावर दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं, तिथं बाबांचं काय!

रविवारी दुपारी मेन स्विच बंद करून काम सुरू झालं. टेबलावर स्टूल, स्टुलावर कुजबूज. जिराफ नुसती टेबलावर उभी राहून पंखा पेलत होती. पुरवणी वहीत नोंदी करत होती. पहिला स्क्रू निघेपर्यंत तिची चार पानं भरली होती. बाबा रबरी चपला घालून स्वयंपाकघराच्या दारात. आई कामावर. आणि दार उघडं असल्यामुळे सल्लागार आपोआप हजर झाले. समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमास्तर आले, वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या.

"आधी पाती काढ," पोस्टमास्तर म्हणाले.

"पातींना हात लावू नकोस गं बाई," काकू म्हणाल्या. "आणि मुलीच्या जातीनं असं स्टुलावर चढू नये." कसं चढू नये ते कुणाला नीट कळेना, म्हणून त्यांनी स्वतः चढून दाखवलं. मग त्यांना उतरवण्यात पाऊण तास गेला.

"लाल वायर लालला, निळी निळीला," पोस्टमास्तर.

"आतल्या सगळ्या धुळीच्या रंगाच्या आहेत, काका."

"मग अंदाजानं."

अंदाजानं! या एका शब्दानं किती घरं बुडाली असतील. कुजबूजनं नवा कंडेन्सर अंदाजानं जोडला. मेन स्विच चालू झाला, बाबांनी श्वास रोखून फूटपट्टीनं बटण दाबलं आणि पंखा असा काही गरगरला, की खोलीत टाळ्या पडल्या. जिराफनं पुरवणीला उचललं. पोस्टमास्तर म्हणाले, "माझं मार्गदर्शन!"

तेवढ्यात आई घरी आली. आई रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवते. चिठ्ठी चुकली की माणूस बदलतो, यावर तिची गाढ श्रद्धा आहे, त्यामुळे तिच्या नजरेतून काही सुटत नाही. ती पंख्याखाली उभी राहिली, घामेजलेली मान पुढं केली आणि म्हणाली, "वारा कुठाय?"

बाबांनी भीत भीत हात उंच केला. "वर चाललाय," ते म्हणाले.

पंखा उलटा फिरत होता.

मित्रहो, अपमान अनेक प्रकारचे असतात. पण आपण ज्या खोट्याच्या विरुद्ध लढायला निघालो, तेच आपल्या हातून आपल्याच घरात सप्रयोग सिद्ध व्हावं, यासारखा दुसरा नाही. संध्याकाळपर्यंत चार इमारतींना कळलं. सोमवारी शाळेला कळलं. "बघ, खरंच फिरतो!" असं तिला मुलं सांगायला लागली, आणि वाईट म्हणजे मुलीही. वीजकामाचे सर व्हरांड्यात भेटले. ते हवेत बोटानं एक उलटं वर्तुळ काढून गेले.

कुजबूज घरी न जाता तडक कोपऱ्यावरच्या वायरमनच्या दुकानात गेली. आवाज पुन्हा गेल्या वर्षीचा झाला होता. वायरमनला तीनदा "काय म्हणालीस?" विचारावं लागलं. मग तो हसला.

"कंडेन्सरच्या दोन वायरींची अदलाबदल झाली, दुसरं काय! माझे सुरुवातीचे सात पंखे उलटे फिरले होते."

"सात! मग लोक काय म्हणाले तुम्हाला?"

"काय म्हणणार? पोरगा नवीन आहे म्हणाले."

"मलाही कुणी नवीन म्हटलं असतं तर चाललं असतं," कुजबूज म्हणाली. वायरमनला ते नीट ऐकू गेलं नसावं, कारण त्यानं तिला एक जुना कंडेन्सर दिला आणि दोन्ही जोडण्या चार वेळा करून घेतल्या. सरळ, उलटी, सरळ, उलटी.

पंखा सुधारायचाच, असं ठरवून ती धावत जिना चढली, तर दारात पोस्टमास्तर.

"मुली, मला तसला पंखा हवाय."

"कसला?"

"उलटा. मी जुनी तिकिटं चिकटवतो वहीत. पंखा लावला की तिकिटं उडतात, नाही लावला की मी शिजतो. तुमच्याकडे काल तासभर बसलो, एक कागद हलला नाही आणि खोलीत हवा मात्र खेळती. काय शोध लावलास!"

"काका, ती चूक होती. मी तुम्हाला सरळ करून देते ना."

"सरळ काय, कुणीही करतो. मुलीच्या हातचा हवा."

कुजबूजनं दाताखाली ओठ धरला. दाखला हवा होता. तिनं पोस्टमास्तरांचा पंखा उलटा केला, आणि त्यांनी तीस वर्षांच्या सवयीनं गोल अक्षरात लिहून दिलं: 'सदर मुलीने दुरुस्त केलेला पंखा मुलींच्या रीतीप्रमाणे उलटा व अत्यंत समाधानकारक फिरतो.'

दुसऱ्या दिवशी काकू खाली उतरल्या. त्यांची मान आखडते. "हा नेहमीचा वारा पुरुषी गं," त्या म्हणाल्या. "आला की थेट अंगावर. मुलीच्या हातचा वारा कसा, आपला भिंतीभिंतीनं, मान खाली घालून जातो."

"काकू, वाऱ्याला मान नसते."

"तुला आहे ना? मग घाल खाली आणि चढ वर."

स्टुलाबद्दलचं त्यांचं मत बहुधा बदललं होतं. दुसरा दाखला मिळाला. त्यातही 'उलटा' हा शब्द होता, आणि त्याच्याखाली कौतुकाची रेघ.

कुजबूजचा जीव मात्र चडफडत होता. कीर्ती चुकीची असली की ती अपकीर्तीपेक्षा जास्त टोचते. शेवटी बुधवारी तिनं घरचा पंखा उघडला, वायरी बदलल्या आणि तो सरळ केला. फर्स्टक्लास! आईच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावरून उडून थेट न्हाणीघरात गेला. कुजबूजनं दार सताड उघडं ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं म्हणून.

लोकांनी बघितलं आणि आत येऊन बाबांचं अभिनंदन केलं.

"शेवटी तुम्हालाच हात घालावा लागला!" पोस्टमास्तर म्हणाले.

"छे हो, मी नाही. तिनंच केलं," बाबा म्हणाले. बाबा कधीच खोटं बोलत नाहीत.

"काय हा विनय! वारा बघा ना, कसा थेट येतोय. बापमाणसाचा वारा!"

बाबांनी शपथ घेतली. विनय आणखी वाढला. गुरुवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरून, पाचव्या मजल्यावरून आणि शेजारच्या इमारतीतून पंखे सरळ करून घ्यायला माणसं आली. बाबा न्हाणीघरात जाऊन बसले आणि आतून "कंडेन्सर असणार! कंडेन्सर!" असं ओरडत राहिले. आईनं शेवटी प्रयोगशाळेतल्या दोन चिठ्ठ्या आणल्या. एकीवर लिहिलं, 'हा पंखा मुलीने सरळ केला', आणि ती पंख्याच्या पातीवर डकवली. दुसरीवर लिहिलं, 'यांना येत नाही', आणि ती बाबांच्या सदऱ्यावर. बाबांना इतकं हलकं वाटलं, की ती चिठ्ठी लावूनच ते कामावर गेले.

तरी लोक म्हणालेच, "पातीवरचं अक्षर बायकी आहे. विश्वास कसा ठेवायचा?"

शुक्रवार उजाडला. दाखले दोनच होते, कारण आपल्या घरच्या पंख्याला आपल्याच आईबापांचा दाखला चालत नाही, असं क्लार्ककाकांनी नियमात बघून सांगितलं. मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तिसरा मी देतो. माझा पंखा कर, न लावून लावून आता जाम झालाय. पण उलटा, हं! तीस वर्षं घाम पुसतोय मी. कागद न उडता हवा. माझी पोरी, एवढं कर, आत्ता सही करतो."

किती सोपं होतं! दोन वायरी, पंधरा मिनिटं, तिसरी सही. पण काकांच्या मागे भिंतीशी वीजकामाचे सर उभे होते, आणि त्यांचं बोट हवेत वर्तुळ काढायच्या बेतात होतं.

"नाही काका," कुजबूज म्हणाली. तिचा नवा आवाज परत आला होता. तो ऐकून मुख्याध्यापिका बाई शेजारच्या खोलीतून बाहेर आल्या. "मी तो सरळ करणार. सगळ्यांसमोर. मग दाखला द्या नाहीतर देऊ नका."

"सरळ? अगं, कागद—"

"दगड आहेत ना."

सगळी शाळा व्हरांड्यात जमली. शिवणकामाच्या बाईही आल्या. या बाई अबोल. वर्गात त्या एकच वाक्य पुन्हापुन्हा सांगायच्या, "वरचा दोरा खालच्या दोऱ्याला उघडा टेकू देऊ नका, उडेल!" काय उडेल ते कधी सांगत नसत. आज मात्र त्या पुढं आल्या, पर्स उघडली आणि कुजबूजच्या हातात एक टेस्टर ठेवला. चांगला वापरलेला, मुठीशी झिजलेला. "मेन बंद केलास तरी तपासून बघ," त्या हळूच म्हणाल्या.

जिराफनं पंखा पेलला. पुरवणीनं वही उघडली. पंचवीस मिनिटांनी कुजबूज खाली उतरली आणि बटण दाबलं.

तीस वर्षं न फिरलेला पंखा फिरायला लागला की तो काय करतो, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. तो सरळ फिरला. इतका सरळ फिरला, की दगड राहिले जागच्या जागी आणि त्यांच्याखालून कागद निसटले. सातही डोंगर उठले. प्रवेश अर्ज, शाळा सोडल्याचे दाखले, रजेची कारणं, शाळेचा सगळा इतिहास हवेत. काका दोन्ही हातांनी इतिहास पकडत होते. मुलं उड्या मारत होती. आणि मुख्याध्यापिका बाईंच्या चष्म्यावर एक पिवळा पडलेला कागद येऊन चिकटला. त्यांनी तो काढला आणि सवयीनं वाचला. पुन्हा वाचला.

"हे काय? एकोणीस वर्षांपूर्वीचा नेमणुकीचा कागद. वीजकाम शिक्षक म्हणून नेमणूक..." त्यांनी मान वर केली. "शिवणाच्या बाई, तुमची? आणि शिवणकामाला, सर, तुम्ही?"

पंखा बंद केला गेला. उरलेले कागद एकेक करत खाली बसले. त्या कागदावर दोन्ही नावांच्या मधे निळ्या शाईनं दोन बाण काढलेले होते, एकमेकांना ओलांडून जाणारे.

"ते मीच काढले," क्लार्ककाका म्हणाले. "मला वाटलं टाइप करणाऱ्यानं घोळ घातला. बाई वीजकामाला आणि सर शिवणाला, असं कुठं असतं का? म्हणून मी दुरुस्त केलं."

"सर, तुम्ही बोलला का नाहीत?"

सरांनी आपली कॉलर चाचपली. सुंदर कॉलर होती. काय तिची शिवण, टाका न् टाका मोत्यासारखा. "पहिल्या दिवशी विचारायला आलो होतो," ते म्हणाले. "तर काका म्हणाले, काय हो, शिवायला बसणार आहात की काय? चार माणसं होती इथं. मी म्हटलं, छे छे, वीज, वीज!"

"आणि बाई, तुम्ही?"

"मला कुणी विचारलंच नाही," शिवणाच्या बाई म्हणाल्या.

"पण सर," कुजबूजला राहवलं नाही, "ते पंख्याचं का सांगितलंत मग?"

"मी एकच पंखा केला आयुष्यात," सर म्हणाले. "उलटा फिरला. तेव्हापासून हात लावला नाही. मला वाटलं, मी मनातून शिवणाचा, म्हणून फिरला असेल."

कुजबूजला त्यांचा राग यायला हवा होता. पण तिनं पाच दिवस हेच भोगलं होतं आणि सरांनी एकोणीस वर्षं. तिला एकदम त्यांना वायरमनकडे न्यावंसं वाटलं.

आता पुढं काय होईल असं तुम्हाला वाटतं? बाण पुसले? छे! मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "आता बदललं तर एकोणीस वर्षांच्या गुणपत्रिकांचं काय?" आणि कागद पुन्हा दगडाखाली गेला. पण पंखा तर सगळ्यांनी पाहिला होता. क्लार्ककाकांनी, एका हातानं रजेची कारणं सावरत, तिसरा दाखला लिहून दिला: 'सरळ फिरतो. दुर्दैवाने.' बाईंनी स्वतःच्या हातानं प्रवेशाचा कागद तयार केला आणि कुजबूजपुढं सरकवला. 'सदर विद्यार्थिनी इतर मुलींसारखी नसल्याने, अपवाद म्हणून वीजकामाच्या वर्गात प्रवेश देण्यात येत आहे.'

"कर सही. पाचला यादी जाणार."

साडेचार झाले होते. तीन वर्षं जे हवं होतं, ते एका सहीवर येऊन थांबलं होतं. कुजबूजनं पेन उचललं. कार्यालयातली सगळी मुलं टाळ्या वाजवायच्या तयारीत होती.

"बाई," जिराफ मागून म्हणाली. तिचे दोन्ही हात अजून थरथरत होते. पाच वेळा तिनं पंखा पेलला होता. "मीपण येऊ का?"

"तुझे दाखले?"

जिराफकडे दाखले नव्हते. पुरवणीकडे अठ्ठेचाळीस पानं होती, दाखला नव्हता.

"मग कसं? एकीला सोडलं ते अपवाद म्हणून. सगळ्यांनाच कसं अपवाद करणार?" बाई म्हणाल्या. खरंच होतं म्हणा ते.

कुजबूजनं कागद पुन्हा वाचला. 'इतर मुलींसारखी नसल्याने.' इतर मुली तिच्या मागंच उभ्या होत्या. एकीच्या केसांत छताची जळमटं होती आणि दुसरीच्या बोटांना शाई.

घरी ती सहा वाजता पोचली. आई दारातच उभी होती, बाबा फूटपट्टी हातात घेऊन.

"मिळाली का गं जागा?"

"मिळाली."

"वा!" बाबांनी आनंदाच्या भरात बटण चक्क बोटानं दाबलं आणि दाबल्यावर पांढरे पडले.

"बसा दोघं," कुजबूज म्हणाली. "मी एक ठरवलंय. ठरवून, करून आलेय, त्यामुळे विचारत नाहीये, सांगतेय. मी सही केली नाही."

आई हळूच खुर्चीवर बसली. "अगं, पण तुला तर जायचंच होतं ना?"

"जायचंय. जीव जातोय इतकं जायचंय." तिचा आवाज जरा हलला, पण खाली गेला नाही. "पण मी इतर मुलींसारखीच आहे, आई. त्यांच्यासारखी नाही, असं लिहून घेऊन कशी जाऊ? मी बाईंना म्हटलं, मला अपवाद करू नका, जी तीन दाखले आणेल तिला घ्या, नियम सगळ्यांना सारखा ठेवा. त्या म्हणाल्या, नियम तर आहेच. मग मी यादी सोमवारपर्यंत अडवून धरली. क्लार्ककाकांचे कागद लावायला सोमवार उजाडणारच आहे. आमच्या वर्गातल्या आणखी एकतीस मुली अर्ज करणार आहेत. एकतीस त्रिक त्र्याण्णव, म्हणजे त्र्याण्णव पंखे."

"त्र्याण्णव!" बाबा म्हणाले. "आपल्या चारी इमारतींत मिळून साठ असतील नसतील."

"म्हणून काही पंखे दोनदा करायचे. एकीनं उलटा करायचा, दुसरीनं सरळ. दोघींना दाखला. शिवणाच्या बाई शिकवायला येतायत. शिवाय वर्गातली चार मुलं शिवणाला अर्ज करतायत. त्यांनाही पूर्वानुभव लागेल, त्यांच्याबरोबर सर येतील. तेव्हा आई, घरातलं फाटकंतुटकं सगळं काढून ठेव. नसेल तर थोडं फाड."

आईनं चिठ्ठ्यांचा गठ्ठा जवळ ओढला. "नावं सांग एकेक," ती म्हणाली. "घोळ नको व्हायला."

"आणि सुरुवात कुठून?" बाबांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. पण माणूस विचारून बघतो.

"इथूनच. उद्या सकाळी सातला मेन स्विच मी बंद करणार आहे, तो रविवारी रात्री चालू होईल. आत्ताच काय ते फोन चार्ज करून घ्या."